वाडा उतरवण्याआधी कॅमेरा कुठे रोखावा?

प्रश्न थोडक्यात असा: सातारा जिल्ह्यातला आमचा सव्वाशे वर्षांचा दुचौकी वाडा दिवाळीनंतर उतरवायचं ठरलं आहे. सात हिस्सेदार आहेत, त्यांतले चार पुण्या-मुंबईत आणि एक अमेरिकेत. दुरुस्ती कुणालाच झेपणारी नाही. माझ्याकडे बरा मोबाईल आणि एक जुना डीएसएलआर आहे. वाड्याची आठवण राहील असे फोटो कसे काढू? आणि फोटोंनी खरंच काही राहतं का?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं बोलतो, कारण त्याचं उत्तर पटलं तर पहिल्याचं निम्मं काम होतं.

शनिवारवाड्याचा पाया १७३० च्या जानेवारीत घातला गेला आणि १८२८ च्या फेब्रुवारीत लागलेल्या आगीत आतला वाडा जळून गेला. फोटो काढण्याची रीत पॅरिसमध्ये जाहीर झाली १८३९ साली. म्हणजे कॅमेरा अकरा वर्षं उशिरा आला. आज आपल्यापाशी तट, बुरूज, दिल्ली दरवाजा, जोती, कारंज्यांचे अवशेष आणि दप्तरातले कागद आहेत. जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने रंगवलेलं दरबाराचं एक मोठं चित्रही आहे. त्यात सवाई माधवराव आहेत, इंग्रजांचा वकील मॅलेट आहे, दालनाचा थाट आहे. पण त्या दालनातून बाहेर पडल्यावर माणूस कुठे पोचत असे, जिना कोणत्या हाताला होता, वरच्या मजल्यावरून खालचा चौक कसा दिसत होता, हे ते चित्र सांगत नाही. सांगायला ते काढलेलंच नव्हतं. गेली अडीच दशकं मी वाड्यांची मोजणी आणि छायाचित्रण करतो. 'दारापलीकडे काय' हा प्रश्न माझ्या धंद्यात सगळ्यात जास्त वेळा अनुत्तरित राहिलेला आहे, आणि फोटो असूनही राहिलेला आहे.

माझंच उदाहरण देतो. सुरुवातीच्या दिवसांत एका वाड्यात मी चारेकशे फोटो काढले. सुरूदार खांब, महिरपी, केळफुलं, गणेशपट्टी, पितळी कड्या, सगळं एकापेक्षा एक. वाडा गेला. सहा-सात वर्षांनी त्या घरातल्या एका आजींनी फोन करून विचारलं, "आमच्या माजघरातून माडीवर जाणारा भिंतीतला जिना आहे का हो तुमच्याकडे?" नव्हता. जिना अंधारा होता, अरुंद होता, त्यावर नक्षी नव्हती, म्हणून मी तिकडे कॅमेरा वळवलाच नव्हता. शिवाय त्या चारशे फोटोंतला कोणता खांब पुढच्या चौकातला आणि कोणता मागच्या, हे आज मलाही सांगता येत नाही. फोटो सुंदर आहेत, पण त्यांतून वाडा जुळत नाही. तेव्हापासून मी स्वतःला एकच नियम घातला: फोटो चांगला नसला तरी चालेल, पण तो शेजारच्या फोटोला जोडलेला हवा.

तर काढण्याची रीत अशी. कॅमेरा हातात घेण्याआधी एक दिवस नुसती वही, पेन्सिल आणि टेप घेऊन जा. वाड्याचा नकाशा काढा. चित्रकला यायची गरज नाही, चौकोन काढता आले की पुरे. प्रत्येक खोलीला घरात जे नाव होतं तेच द्या. 'बेडरूम' लिहू नका. 'काकूंची खोली', 'बाळंतिणीची खोली', 'धान्याची माडी' असं लिहा. लांबी-रुंदी मोजताना कर्णही मोजा, कारण जुन्या वाड्यातली एकही खोली काटकोनात नसते. चार बाजू मोजून आलात आणि कर्ण मोजला नाही, तर घरी बसून काढलेला नकाशा बंद होत नाही आणि माणूस रात्रभर टेपला शिव्या घालतो. वाडा किती खणांचा आहे तेही मोजा. आपल्याकडे घराचं माप खणांत सांगायची पद्धत होती. दोन तुळयांमधलं ते अंतर एकदा कळलं की सगळ्या वाड्याचं गणित उलगडतं.

फोटो काढायला लागाल तेव्हा पाहुणा जसा आत येतो तसे आत या. आधी रस्ता आणि आजूबाजूची घरं, मग दर्शनी भिंत, दिंडी दरवाजा, देवडी, पहिला चौक, ओसरी, सोपा, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, मागचा चौक, न्हाणीघर, परसू, आड. प्रत्येक उंबरठ्यावर दोन फोटो घ्या. एक पुढे बघत, दुसरा त्याच जागी उभं राहून मागे वळून. ही मागे वळून बघण्याची सवय लावून घ्या, कारण वाडा लक्षात राहतो तो येताना आणि जाताना अशा दोन्ही दिशांनी. खोलीत शिरल्यावर चारही कोपऱ्यांत पाठ टेकून समोरच्या कोपऱ्याकडे एकेक फोटो. मग वर बघून कडीपाट आणि खाली बघून जमीन. जमीन बहुतेक जण विसरतात. सारवलेली आहे, फरशी आहे की शहाबादी टाकली आहे, उखळ कुठे पुरलं आहे, हे सगळं तिथेच असतं. फोटोचा क्रमांक लगेच नकाशावर लिहा आणि कॅमेरा कुणीकडे रोखला होता तिकडे बाण काढा. हे कंटाळवाणं आहे, मला मान्य आहे. पण हे केलेले दीडशे फोटो आणि न केलेले दोन हजार, यांत मी डोळे मिटून दीडशे घेईन.

अंधाराला घाबरू नका आणि फ्लॅश वापरू नका. फ्लॅशने खोली सपाट होते आणि माजघराचा माजघरपणा जातो. ट्रायपॉड लावा, आयएसओ १०० वर ठेवा, अ‍ॅपर्चर एफ ८ च्या आसपास, आणि शटर दोन, चार, आठ सेकंद जेवढं उघडं राहील तेवढं राहू द्या. वाड्याला कुठे जायचं आहे? चौकात ऊन आणि ओसरीत काळोख अशी अडचण येते, तिथे ढगाळ दिवस निवडा. तुमच्याकडे दिवाळीपर्यंत वेळ आहे, म्हणजे श्रावण-भाद्रपदातला मऊ उजेड हाताशी आहे. शिवाय पावसात कौलं कुठे गळतात, पन्हळीचं पाणी कुठे पडतं, चौकातून ते कसं वाहून जातं हेही टिपता येईल. पागोळ्यांचा फोटो नुसता हौसेचा नसतो, त्यातून छपराचा उतार कळतो. नक्षीकामाला मात्र उलट, तिरपं ऊन हवं. सकाळी आठच्या सुमारास बाजूने उजेड येतो तेव्हा उथळ कोरीवकामही उठून दिसतं, आणि दुपारी तेच पुसल्यासारखं होतं.

दर्शनी भिंतीचा फोटो खाली गल्लीत उभं राहून मान वर करून काढलात तर वाडा मागे कलंडल्यासारखा दिसतो. समोरच्या घराच्या गच्चीवर जा. चहा घ्यावा लागेल, तो घ्या. कॅमेरा समपातळीत ठेवा, खांब फोटोत उभेच दिसले पाहिजेत. मोबाईलची सगळ्यात रुंद लेन्स टाळा, तिने लहानसा सोपा दरबार हॉल वाटतो आणि पुढच्या पिढीची फसवणूक होते. आणि चौकटीत माप असू द्या. एक मीटरची पट्टी काळ्या-पांढऱ्या रंगाने रंगवून घ्या, नाहीतर पायरीवर कुणालातरी बसवा. माणूस हे सर्वांत जुनं माप आहे.

या मापावरून एक गोष्ट आठवली. १८५८ साली जर्मनीत आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर नावाचा तरुण वास्तुकार वेट्झलारच्या चर्चची मोजणी करताना उंचावरून पडता पडता वाचला. त्यानंतर त्याच्या डोक्यात आलं की भिंतीवर लोंबकळत टेप लावण्यापेक्षा फोटोवरूनच मापं काढता आली तर? त्याच ध्यासातून पुढे १८८५ मध्ये प्रशियन सरकारने बर्लिनला खास संस्था काढली आणि वास्तूंच्या सुमारे २० हजार काचेच्या निगेटिव्ह जमा झाल्या. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या इमारती पुन्हा उभारताना त्यांचा उपयोग झाला. आज तीच विद्या तुमच्या मोबाईलमध्ये आहे. एखादा खांब किंवा अख्खा चौक वेगवेगळ्या जागांवरून असा टिपायचा की प्रत्येक फोटोचा साठ-सत्तर टक्के भाग पुढच्या फोटोत पुन्हा यावा. एका जागी उभं राहून नुसती मान फिरवायची नाही, पाऊल बाजूला टाकत जायचं. झूम बदलायचा नाही, एक्सपोजर एकच ठेवायचं. मग मेशरूमसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर त्यांतून त्रिमितीय प्रतिकृती बनवतं. काही महागड्या फोनांत लायडार, म्हणजे लेसरने अंतर मोजणारा सेन्सर असतो, त्यानेही खोली स्कॅन होते, पण तो पाचेक मीटरपलीकडचं पाहत नाही आणि बारीक नक्षी गिळून टाकतो. चौक आणि दर्शनी भाग असा टिपलात तरी भरपूर झालं. प्रत्येक खोलीचा अट्टहास करू नका, संगणक आणि तुम्ही दोघंही थकाल.

आता थोडं नक्षी नसलेल्या गोष्टींबद्दल, कारण खरी श्रीमंती तिथे आहे. भिंतीतलं बळद, म्हणजे धान्य साठवायची पोकळी. दिव्याच्या काजळीने काळी झालेली दिवळी. खुंट्या, आणि त्या कोणत्या उंचीवर आहेत ते. पगड्या-उपरणी टांगणाऱ्यांची खुंटी आणि पोरांच्या दप्तराची खुंटी एका उंचीवर नसते. चुलीमागची धुराने चकाकणारी भिंत, धुराडं, अडसर सरकवायचं भिंतीतलं भोक, दाराच्या चौकटीवर पेन्सिलने मांडलेला दुधाचा हिशोब, पोरांच्या उंचीच्या रेघा. खांबाखालचा तळखडा आणि त्यावर खांब कसा बसवला आहे तो सांधा. गिलावा पडला असेल तिथे जवळून फोटो घ्या. आत पांढरीची माती आहे, भाजकी वीट आहे की घडीव दगड, हे भिंत स्वतः दाखवत असते. पडझडीचा एक मोह मात्र टाळा. शेवाळ, तडे, मोडकं दार, त्यातून येणारी उन्हाची तिरीप असे फोटो समाजमाध्यमांवर धावतात. ते काढणाऱ्याला वाडा पडल्याचं दुःख कमी आणि उजेडाचा आनंद जास्त झालेला असतो. मीही काढतो, खोटं कशाला बोलू. पण आधी काम, मग ती चैन.

आणि जपून. कुजलेल्या माडीवर चालताना पाय तुळईच्या रेषेत टाका, दोन तुळयांच्या मध्ये नको. वर जाण्याआधी खालून कडीपाट बघून घ्या. बंद खोलीत टॉर्च आधी, माणूस नंतर. भिंतीला पोट आलं असेल तर तिच्या खाली उभं राहून चौकट जुळवत बसू नका. एकट्याने तर मुळीच जाऊ नका.

तुमचा कॅमेरा वाड्याकडे वळण्याआधी खरं तर एका ट्रंकेकडे वळायला हवा. वाड्याचे सगळ्यात चांगले फोटो बहुतेक वेळा आधीच काढलेले असतात, फक्त ते वाड्याचे म्हणून काढलेले नसतात. मुंजीचे, लग्नाचे, बारशाचे, मंगळागौरीचे ग्रुप फोटो. घरातला अंधार फोटोग्राफरला परवडत नसे, म्हणून तो सगळ्यांना चौकात बसवायचा. मुंजमुलाच्या मागे तुळशी वृंदावन येतं, आत्याबाईंच्या खांद्यामागे आज नसलेला माडीचा नक्षीदार कठडा येतो. एका घरात तीन लग्नांचे अल्बम शेजारी ठेवून मी चौकाच्या तीन बाजू जुळवल्या होत्या. तिसऱ्या लग्नात पश्चिमेची ओसरी पत्र्याने बंद केलेली दिसली आणि ती कधी केली हे लग्नपत्रिकेवरून कळलं. सातही हिस्सेदारांना सांगा, अमेरिकेतल्यांना आधी सांगा. जे लांब जातात ते फोटो सोबत नेतात.

असे जुने फोटो मोबाईलने फोटोवर फोटो काढून घेऊ नका. किमान ६०० डीपीआयवर स्कॅन करा आणि मागची बाजूही स्कॅन करा. शाईतलं 'चि. बाळूची मुंज' एवढं वाक्य कधी कधी पुढच्या चित्राहून मोलाचं निघतं. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका. लॅमिनेशन कधीच नको. निगेटिव्हच्या डब्यातून व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती फिल्म आतून मरते आहे, तिचा नंबर पहिला लावा.

यापुढचा भाग कंटाळवाणा आहे, पण फोटो टिकतात की जातात ते इथेच ठरतं. अजिंठ्याचं ऐका. रॉबर्ट गिल हा इंग्रज लष्करी अधिकारी १८४४ पासून तिथल्या चित्रांच्या मोठमोठ्या नकला करत बसला. त्या लंडनला गेल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. मग जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ साली लंडनच्याच एका संग्रहालयातल्या आगीत गेल्या. मूळ चित्रं लेण्यांत आणि जपायला नेलेल्या नकला राखेत. पण गिलने पुढे हाती कॅमेरा घेतला होता. त्याचे फोटो १८६४ मध्ये पुस्तकांत चिकटवून अनेक प्रतींत निघाले, म्हणून ते आजही पाहता येतात. एक प्रत म्हणजे शून्य प्रत. तीन ठेवा: एक तुमच्या संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे किंवा क्लाउडवर. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेली प्रत त्यात धरू नका, ते फोटो आवळून पाठवतं आणि तारीख-वेळेची आतली नोंद गाळून टाकतं. मूळ फाइल रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली असेल तर ती तशीच ठेवा. फाइलला गाव, वाडा, खोली, दिशा, तारीख असं नाव द्या. आणि निवडक पन्नास-साठ फोटोंच्या चांगल्या कागदावर प्रती काढून पाठीमागे मऊ पेन्सिलने लिहून ठेवा. हार्ड डिस्क बंद पडली की काही दिसत नाही, कागद पिवळा पडला तरी वाचता येतो.

एक संच घराबाहेरही द्या. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून कागद जपतं आहे, इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेची स्थानिक शाखा असते, जवळच्या वास्तुकला महाविद्यालयाला असा नकाशासह संच सोन्यासारखा वाटतो. सार्वजनिक ठिकाणी चढवायचे असतील तर आधी सगळ्या हिस्सेदारांची संमती लेखी घ्या. हे कोरडं वाटेल, पण वाड्याचे फोटो वाटणीच्या दाव्यात पुरावा म्हणून फिरताना मी पाहिले आहेत. 'ही खोली आमच्याच ताब्यात होती' हे सिद्ध करायला माझा फोटो वापरला गेला आणि मला दोन्ही पक्षांनी शत्रू मानलं. जुने भाडेकरू असतील तर त्यांनाही विचारा. तीस-चाळीस वर्षं राहिलेल्या माणसाला वाड्याचा जो कोपरा माहीत असतो तो मालकाला माहीत नसतो. त्यांना फोटो दाखवत बोलतं करा आणि आवाज रेकॉर्ड करून ठेवा. "वाडा कसा होता?" असं विचारलं तर "छान होता" एवढंच उत्तर मिळतं. फोटोतल्या एका कोनाड्यावर बोट ठेवून "इथे काय असायचं?" म्हटलं की तासभर थांबत नाहीत.

आता एक खटकणारी गोष्ट. १८७५ मध्ये लंडनला ऑक्सफर्ड आर्म्स नावाची जुनी सराय पडणार म्हणून काही मंडळींनी तिचे फोटो काढवून घेतले. मधे अंगण आणि सभोवती मजल्या-मजल्यांचे लाकडी सज्जे, आपल्या चौकाचीच आठवण यावी अशी ती इमारत होती. त्यांनी मुद्दाम न विटणाऱ्या कार्बन प्रिंटच्या प्रती काढल्या. पुढे १८८६ पर्यंत जुन्या लंडनचे असे १२० फोटो त्याच मंडळींनी काढवून घेतले. फोटो उत्तम आहेत. सराय पडायची ती पडलीच. आपल्याकडे तर फोटो हे पाडण्याचं सर्टिफिकेट होऊ लागलं आहे. "डॉक्युमेंटेशन झालंय ना? मग लावा जेसीबी." मी हे वाक्य बैठकीत ऐकलं आहे, आणि ते डॉक्युमेंटेशन माझंच होतं. म्हणून तुम्हालाही विचारतो: दोन्ही चौक उतरवायलाच हवेत का? कधी कधी पुढची देवडी आणि पाच-सहा खण सावरणं सातजणांना मिळून झेपतं. फोटो आणि मोजणी झाली की वाडा पहिल्यांदाच सगळ्यांना एकत्र दिसतो. तो नकाशा हिस्सेदारांपुढे एकदा पसरून बघा. ठराव बदलेल असं म्हणत नाही, दोनदा बदललेला पाहिला आहे आणि पुष्कळदा नाही.

उतरवायचाच ठरला तर त्या दिवशीही कॅमेरा घेऊन हजर राहा. बहुतेक जण जात नाहीत, बघवत नाही म्हणतात, ते मला कळतं. पण वाडा कसा बांधला होता हे तो उतरवतानाच दिसतं. शक्य असेल तर यंत्र न लावता माणसांकडून उतरवून घ्या, जुन्या लाकडाचा व्यापारीही तेच सांगेल, कारण सागवान मोडलं तर त्याचं नुकसान. आधी कौलं निघतील, मग रीपा, वासे, आढं. तुळई खांबावरून सुटली की सांध्याच्या आतली, सव्वाशे वर्षं उजेड न पाहिलेली बाजू वर येते. तिथे कधी कधी सुताराने जोड ओळखायला केलेल्या खुणा सापडतात, एक रेघ, दोन रेघा, फुली. तिथे पट्टी लावून फोटो घ्या. व्यापाऱ्याने ट्रकमध्ये चढवण्याआधी प्रत्येक खांबावर खडूने तुमच्या नकाशातला क्रमांक घाला आणि क्रमांकासकट टिपा, म्हणजे तो उद्या एखाद्या हॉटेलच्या दारात उभा दिसला तर कोणत्या चौकातला ते सांगता येईल. भिंती गेल्यावर जोतं उरेल. ते उचकटण्याआधी समोरच्या गच्चीवर पुन्हा एकदा जा आणि पहिल्या दिवशी जिथे ट्रायपॉड लावला होता नेमका तिथेच लावा.